बोर्ड नसलेली पाटाजवळची नर्सरी : पाखरांसाठी झाडं घ्यायची तर इथंच जा, फक्त पावती विसरा

आधीच सांगतो, बोर्ड शोधत बसू नका, बोर्ड नाहीच. खानदेशातल्या बोरी नदीच्या अलीकडे-पलीकडे आमची जी गावं आहेत तिथं कुणालाही पाटाजवळची नर्सरी विचारा, बोट करून दाखवतील. पत्र्याचं एक शेड, त्याला बांधलेली म्हैस, मागे फाटलेली हिरवी शेडनेट, आणि खाटेवर एक बाबा. तीच नर्सरी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोनदा पुढे निघून गेलो होतो.

माझ्याकडून चार स्टार. पाचवा का कापला ते येतंच पुढे.

आम्हाला झाडं कशाला लागली ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. गावाबाहेर आप्पांची जुनी विहीर आहे, तिच्यावर वाकलेली एक बाभूळ होती आणि त्या बाभळीला दर पावसाळ्यात सुगरणीचे तीस-चाळीस खोपे लटकायचे, लहानपणी आम्ही त्याखालीच पोहायला शिकलो, खोपा पाण्यात पडला की तो पकडायची शर्यत असायची. तीन वर्षांपूर्वी जूनच्या वावधनात, म्हणजे वादळात, ती बाभूळ मुळासकट विहिरीत गेली. त्या वर्षी सुगरणी आल्या, दोन-तीन दिवस तिथंच घिरट्या मारल्या आणि गेल्या निघून. कुठं गेल्या माहीत नाही. आमच्या गणपती मंडळातली पोरं तशी काही फार पर्यावरणवाली नाहीत हो, पण हे सगळ्यांना लागलं. डीजे कॅन्सल करून एकतीस हजार बाजूला काढले (अर्धी पोरं अजून त्यावरून टोमणे मारतात) आणि ठरलं की नाल्याच्या काठाने आणि गावठाणात झाडं लावायची, पाखरं घरटी करतील अशी. आम्ही चौदा जण. मी मोबाईल रिपेअरिंग करतो, बाकी कुणी कपाशीवाले, कुणी केळीवाले, एक जण पोलीस भरतीचा, खड्डे खोदायला तोच सगळ्यात कामाचा निघाला.

आता पहिल्या वर्षीची चूक. २०२३ च्या जुलैत आम्ही गेलो हायवेवरच्या मोठ्या नर्सरीत, नाव घेत नाही, मालक नंतर आमच्या मेंबरच्या सासऱ्यांचे ओळखीचे निघाले. काय ती नर्सरी! कारंजं, सेल्फी पॉइंट, चहाची टपरी. तिथला मॅनेजर पोरगा म्हणे सर पाच-सहा फुटाचं घ्या, लगेच झाड दिसतं, फोटोत पण भारी येतं. आम्ही भुललो. एकशे ऐंशी रुपयाला एक, अशी साठ झाडं. गुलमोहर, सप्तपर्णी, काशीद आणि वीस कोनोकार्पस (शोभेचं परदेशी झाड), कारण तो म्हणे याला पाणी कमी लागतं आणि जनावर तोंड लावत नाही. जनावर तोंड लावत नाही म्हटल्यावर पाखरू तरी काय करणार तिथं, हा साधा प्रश्न चौदा जणांत एकालाही सुचला नाही. पुढं सप्टेंबरात बातमी आली की गुजरातने कोनोकार्पस लावायलाच बंदी घातली. आम्ही तेव्हा नुकती त्यांना आळी करून झालो होतो.

खोटं बोलणार नाही, त्या वर्षी पाऊस पण दगा देऊन गेला, तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. त्यामुळे सगळा दोष नर्सरीचा नाही. पण पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मोजली तेव्हा साठातली अकरा जिवंत होती. मेलेलं एक झाड भरतीवाल्याने उपटलं तर ते मुळ्याच्या भाजीसारखं सहज वर आलं, आणि मुळ्या बघितल्या तर पिशवीच्या आकारात गोल गोल फिरलेल्या, स्प्रिंगसारख्या, एक मूळ बाहेरच्या मातीत गेलेलं नाही. वर्षभर ते झाड जमिनीत नव्हतंच, पिशवीच्या आकारातच उभं होतं. म्हणजे ते पाच-सहा फूट म्हणतात ना, ते बहुतेक वेळा छोट्या पिशवीत दोन-तीन वर्षं अडकून पडलेलं झाड असतं. हे आम्हाला दहा हजार आठशे रुपयाला कळलं.

मग पाटाजवळची नर्सरी. २०२४ चा जून, गेलो आम्ही तिघं. मी यादी काढली, बाबांनी ती हातात पण घेतली नाही. म्हणे, "भाऊ, तुमले पाखरू कोनतं जोयजे?" आम्ही एकमेकाकडे बघतोय. मी म्हटलं सुगरण. तर म्हातारा हसला आणि म्हणे मग आठे कशाला आले, सुगरणीले बाभूय लागस, आणि बाभूय कोन इकत लेस? (म्हणजे बाभूळ कोण विकत घेतं?)

म्हणजे दुकानदाराने पहिल्याच वाक्यात गिऱ्हाईक परत पाठवलं. तरी खाटेवर बसवलं, मावशींनी चहा दिला, आणि पुढचा पाऊण तास जे ऐकलं ते आम्हाला आजपर्यंत कुठल्या झाडं लावा कार्यक्रमात कुणी सांगितलं नव्हतं.

सुगरणीला नुसतं झाड नाही चालत. काटेरी पाहिजे, म्हणजे साप-खार चढताना विचार करतील, फांदीचं टोक खाली लोंबणारं पाहिजे, आणि खाली पाणी असेल तर उत्तम. म्हणून विहिरीवरची बाभूळ, नाहीतर नाल्यातली शिंदी (खजुरासारखं झाड). शिवाय जवळ लांब पात्याचं गवत, बाजरी, ऊस असं काहीतरी पाहिजे, कारण खोपा त्याच्याच ओल्या धाग्यांनी विणतात. विणतो नर, नाव मात्र सुगरणीचं. अर्धा झाला की मादी येऊन बघते, आवडला तर पुढचा बोगदा होतो, नाही आवडला तर तो तसाच अर्धवट लटकतो, हे मी स्वतः लहानपणी बघितलंय, आम्ही त्या अर्धवटांना टोप्या म्हणायचो. पडलेला खोपा फाडला की आत वाळलेल्या चिखलाचे गोळे चिकटवलेले सापडायचे, तो कशासाठी लावतो यावर बाबांचं एक मत आणि मावशींचं दुसरं, त्यात आम्ही पडलो नाही.

तर बाभळीसाठी बाबांनी आम्हाला एक रुपया न घेता रस्ता सांगितला. कुणाच्यातरी बकऱ्यांच्या वाड्यात जा, उन्हाळ्यात बकऱ्या बाभळीच्या शेंगा खातात, बिया लेंड्यांतून आणि रवंथातून खाली पडतात, त्या झाडून आणा. बकरीच्या पोटातून आलेली बी लवकर उगवते, वरचं कडक साल मऊ होऊन येतं. नसेल तर गरम पाण्यात टाकून रात्रभर ठेवा. आम्ही वाड्यातल्याच आणल्या, पाटीभर, आणि विहिरीच्या कडेने पहार मारून भोकं पाडून तीन-तीन बिया टाकल्या. खर्च शून्य. वाडेवाल्याने उलट विचारलं की आमचा वाडा फुकट झाडून द्यायचं हे नवीन काय काढलं तुम्ही.

मग राहिलेल्या पैशात काय घ्यायचं, तर त्यांनी पाखरं मोजून झाडं दिली. बुलबुल, होला (कबुतरासारखं छोटं पाखरू) यांना उंच झाड नकोच, बोर-करवंदाची दाट जाळी पाहिजे, माणसाच्या डोक्याएवढी उंच झाली तरी बास. शिंपी पाखराला रुंद पानं पाहिजे, दोन पानं शिवून आत बसतो, त्याला भोकर दिलं. तांबट स्वतः भोक पाडतो पण लाकूड मऊ किंवा वाळलेलं लागतं, म्हणून पांगरा आणि शेवगा. आणि इथं बाबांनी माझ्याकडे बोट करून सांगितलं की झाडाची वाळकी फांदी दिसली की तोडायला धावता ना तुम्ही, ती तोडू नका, तीच त्याची खोली. पोपट, पिंगळा, साळुंकी हे जुन्या झाडाच्या ढोलीवाले, तुमच्या लावलेल्या झाडात ते तुमच्या नातवाच्या वेळी येतील, तोवर गावातला जुना निंब आणि चिंच वाचवा. हे ऐकून आम्ही देवळामागच्या चिंचेच्या पोकळ खोडात सिमेंट भरायचं ठरवलं होतं ते रद्द केलं. त्यात पिंगळ्याची जोडी आहे, संध्याकाळी पारावरून दिसते.

खाण्यासाठी वड, पिंपळ, उंबर. हे तर सगळ्यांना माहीत असतं पण का ते मला नव्हतं माहीत. आंब्यासारखं यांचं एका सीझनमध्ये सगळं येऊन संपत नाही. एक वड आज पिकतो, दुसरा दोन महिन्यांनी, उंबराला तर वर्षातून कितीदा फळ लागतं, त्यामुळे चार-पाच झाडं वेगवेगळी असली की कधी ना कधी काहीतरी असतंच. हरियाल, आपला राज्यपक्षी, तो याच फळांवर जगतो. पिल्लांना मात्र बहुतेक पाखरं अळ्या-किडे भरवतात आणि ते आपल्या मातीतल्या झाडांवर जास्त मिळतात, म्हणून गावठी झाडं. एवढं सोपं होतं हे.

आणि एक गोष्ट जी झाड विकणारा माणूस सांगेल असं वाटलं नव्हतं. वेडा राघू आणि खंड्या यांना झाडाचा घरट्यासाठी काही उपयोग नाही, ते मातीच्या उभ्या दरडीत बीळ करतात. आम्ही नाल्याच्या काठावर जेसीबी लावून उतार करून घेणार होतो, झाडं ओळीत दिसावी म्हणून. बाबा म्हणे ती दरड राहू द्या. राहू दिली. मार्चात तिथं सात बिळं मोजली.

मालाबद्दल. पिशवी छोटी पंचवीस, मोठी साठ, वड-पिंपळ ऐंशी. झाडं दिसायला गरीब, दीड-दोन फूट, कुणी फोटो काढणार नाही. पण प्रत्येक लॉटमधली एक पिशवी बाबांनी स्वतः ब्लेडने फाडून मूळ दाखवलं. "मुयी गोल व्हयनी का झाड गयं" असं म्हणत करंजाचा आख्खा एक वाफा त्यांनी विकायला नकार दिला, मी घेतो म्हणत होतो तरी. हायवेवरच्या पोराने असं केलं असतं का? पांगऱ्याचं तर रोपच नाही दिलं, मनगटाएवढ्या फांद्या तोडून दिल्या, पहिल्या पावसात टोचा म्हणे, दहापैकी आठ फुटल्या.

एकूण एकशे चाळीस झाडं, भाड्यासकट साडेसात हजारात. छोटा हत्ती त्यांच्या पुतण्याचा, सातशे घेतले, चालवतो मात्र असा की झाडं नाही दगड भरलेत मागे. सहा पिशव्या फुटल्या. ते त्याच्या खात्यावर.

आता तक्रारी, आणि त्या आहेत.

पावती नाही. पावती मागितली तर कॅलेंडरच्या मागे लिहून दिली, त्यावर सही पण मावशींची. आमच्या मंडळाच्या हिशोबात आमचा खजिनदार त्या कॅलेंडरच्या पानावरून अजून चिडतो, कारण मागच्या बाजूला एलपीजीची जाहिरात आहे. ग्रामपंचायतीकडून किंवा कुठल्या फंडातून पैसे घेऊन खरेदी करणार असाल तर इथं तुमची पंचाईत होणार, आधीच सांगतोय. क्यूआर कोड आहे पण तो मुलाच्या नावाचा, मुलगा सुरतला, पैसे गेले का नाही ते फोन करून विचारावं लागतं आणि तो ड्युटीवर असला की तुम्ही अर्धा तास म्हशीकडे बघत उभे. कॅश न्या.

पिशव्यांना लेबल नाही. सगळं बाबांच्या डोक्यात, आणि डोकं आता सत्तरीचं. यातूनच मोठा घोळ झाला. आम्ही बारा शमी घेतल्या, त्यातल्या पाच वेड्या बाभळी निघाल्या. रोप लहान असताना दोन्ही इतक्या सारख्या दिसतात की आम्हाला काय कळणार, सप्टेंबरात गावातल्या रिटायर गुरुजींनी काट्यावरून ओळखलं. हसण्यावारी नेण्यासारखी चूक नाही ही, वेडी बाभूळ एकदा नाल्याला लागली की सगळा नाला तिचा, मग कुऱ्हाडीने पण आवरत नाही. एक स्टार इथं गेला. गुरुजींनी फोटो दाखवल्यावर बाबांनी वाद घातला नाही, चष्मा लावून दोनदा बघितलं, खजील झाले, पाच शमी फुकट दिल्या आणि वर एक मोठा उंबर. तेवढी कदर आहे.

फोन उचलत नाहीत. हा विषय इथंच सोडतो.

आता झाडं जगली का, कारण नर्सरीचा खरा रिव्ह्यू उन्हाळा देतो, आणि आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, मे महिन्यात जळगाव-भुसावळ पंचेचाळीसच्या वर जातं, दुपारी कुत्रं पण सावली सोडत नाही. पहिली मोजणी आम्ही नोव्हेंबरात केली, ५ ते १२ पक्षी सप्ताह असतो ना, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या वाढदिवसांच्या मधला, तेव्हा. एकशे एकतीस. दुसरी यंदा मे संपल्यावर, एकशे अठरा. साठातली अकरा आठवा आणि हे बघा.

अर्थात आम्ही पण जीव लावला. केळीवाल्या मेंबरने बागेतून काढून टाकलेल्या ठिबकच्या जुन्या नळ्या दिल्या, आप्पांनी विहिरीवरची मोटर दर चौथ्या दिवशी दोन तास दिली, आळ्यात केळीचा वाळका पाला जाड अंथरला. उधई (वाळवी) लागली तिथं निंबोळी पेंड. लोखंडी ट्री गार्ड परवडणारे नव्हते, आणि बाबांनी ते घेऊ पण दिले नसते, म्हणे बोराटीच्या काट्या लावा. तशा प्रत्येक झाडाभोवती काट्यांचा गोल केला, हातांची चाळण झाली, पण बकरी आत नाही गेली.

आणि आता गंमत ऐका. यंदा एप्रिलमध्ये पाणी सोडायला गेलो तर एका उंबराच्या आळ्याजवळून होला फडफड करत उडाला. वाकून बघितलं. उंबर बिचारा माझ्या कमरेएवढा, त्यावर काही नाही. घरटं होतं त्या वाळक्या बोराटीच्या कुंपणात. घरटं कसलं, दहा-बारा काड्या आडव्या-तिडव्या ठेवलेल्या, खालून आरपार दिसतंय, आणि त्यावर दोन पांढरी अंडी, कधीही घरंगळतील अशी. दोन वर्षं झाडाला पाणी घालतोय आम्ही आणि पाखरू बसलं फुकटच्या काट्यात. त्या उंबराचं आळं आम्ही तीन आठवडे साफ केलं नाही, नळीचं तोंड लांबून काडीने सरकवायचो. एक पिल्लू उडालं, एकाचं काय झालं कळलं नाही, बहुतेक कावळा.

बाबांना हे सांगितलं तर म्हणे मग माझे पैसे परत मागणार की काय.

सुगरणीचं विचाराल तर बाभळी आता छातीएवढ्या झाल्यात, विहिरीवर वाकायला अजून बरीच वर्षं आहेत. पण नाल्यात एक जुनी शिंदी होती, तिच्या आजूबाजूचं गवत आम्ही पेटवू देणं बंद केलं, बाजूच्या शेतकऱ्याने बाजरी लावली, आणि ऑगस्टमध्ये तिच्यावर चार टोप्या दिसल्या. तीन तशाच राहिल्या. चौथ्याला बोगदा झाला. आप्पा रोज सकाळी काठी टेकत तिथपर्यंत जातात आणि येऊन सांगतात, आहे अजून.

लाकडी घरट्यांचं कुणीतरी विचारेल म्हणून, ती पण आम्ही ऑनलाइन दहा मागवली होती. चिमण्या आल्या चार पेट्यांत, छान आल्या. पण ती पेटी ढोलीत राहणाऱ्यांसाठी असते, सुगरण, बुलबुल, होला त्यात कधीच येणार नाहीत, झाडाला पेट्या टांगून झाडाचं काम होत नाही. आणि पत्र्याच्या छपराच्या पेट्या आमच्या उन्हात लावू नका, आत भट्टी होते. आम्ही वरून गोणपाट टाकलं.

तर जायचं असेल तर जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जाऊन बुकिंग सांगून या, उचला मात्र दोन चांगले पाऊस झाल्यावरच, बाबा त्याआधी देत पण नाहीत. दुपारी एक ते चार झोपलेले असतात, उठवलंत तर भाव वाढतो. सुट्टे न्या, पिशव्या खाली अंथरायला गोणपाट न्या, नावं लिहायला मार्कर आणि चिकटपट्टी स्वतःची न्या आणि बाबा एकेक पिशवी हातात देतील तेव्हाच तिथंच लिहा. शमी घेणार असाल तर गुरुजींसारखं कुणीतरी सोबत न्या. म्हैस मारकी आहे, डावीकडून जा.